अनुस्फुरी मोनोक्लोनल प्रतिपिंडे

प्रतिकारपेशीच्या पटलावरचे एखादे ठरावीक प्रथिन हुडकून त्यालाच चिकटणारी, चमकणारे रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे. टी आणि बी लसीकापेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात: मोठे गोल केंद्रक आणि भोवती पेशीद्रव्याची बारीक कड. त्यातली कोणती कुठली, हे पटलावरची प्रथिने सांगतात. त्यांना सीडी क्रमांक देण्याची रीत १९८२ मध्ये पॅरिसच्या कार्यशाळेत सुरू झाली. सीडी३ टी पेशींची खूण, सीडी१९ बी पेशींची; टी पेशींपैकी मदतनीस ओळखायच्या सीडी४ वरून, मारक सीडी८ वरून.

प्रतिपिंडाला रंग जोडण्याची कल्पना अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये अमलात आणली. पण तेव्हाची प्रतिपिंडे प्राण्याच्या रक्तातून काढलेली, म्हणजे सरमिसळ असत. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्कपेशीशी जुळवली आणि एकाच वाणाचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले. या कामाला १९८४ चे नोबेल मिळाले.

प्रत्यक्ष चाचणी साधी दिसते. थोड्या रक्तात प्रतिपिंडांचे मिश्रण घालतात, नळी पंधरा-वीस मिनिटे अंधारात ठेवतात, तांबड्या पेशी फोडून टाकतात आणि नमुना फ्लो सायटोमीटरला लावतात. पेशी एकामागे एक ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरसमोरून जातात. एफआयटीसी हे रंगद्रव्य हिरवे उजळते, लाल शेवाळातून काढलेले फायकोएरिथ्रिन नारिंगी. पडद्यावर प्रत्येक पेशी एक ठिपका होते आणि पाहता पाहता ठिपक्यांची बेटे तयार होतात. हिरव्याचा काही प्रकाश नारिंगीच्या खिडकीत सांडतो. तो वजा केला नाही, तर नसलेल्या पेशी दिसू लागतात. नवशिक्याची चूक बहुधा इथेच होते.

महाराष्ट्रात ही प्रतिपिंडे घरोघरच्या आयुष्याला भिडली ती एचआयव्हीमुळे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली. एप्रिल २००४ मध्ये सरकारी केंद्रांतून मोफत औषधोपचार सुरू झाले. तेव्हा औषध कधी सुरू करायचे, हे मुख्यतः सीडी४ च्या आकड्यावर ठरे. निरोगी प्रौढात एका मायक्रोलिटरमागे साधारण ५०० ते १,५०० सीडी४ पेशी असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की संधिसाधू आजार गाठतात. ‘सीडीफोर किती आला?’ हा प्रश्न कित्येक कुटुंबांनी महिनोन्‌महिने विचारला आहे. २०१७ पासून आकडा न पाहता सर्वांना औषध मिळते. तरीही उशिरा आलेल्या रुग्णाला किती धोका आहे, हे आजही याच चाचणीतून कळते, म्हणून ती मोडीत काढणे चूक ठरेल. रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ठरवतानाही हीच प्रतिपिंडे लागतात. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात हे काम चालते.

पण त्यासाठी नमुना वेळेत यंत्रापर्यंत पोचायला हवा. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याची दोन टोके इथे आठवतात. हिंजवडीत जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत, तर ताम्हिणीकडच्या वाड्यांना तालुक्याचे गाव पौड गाठायचे म्हणजेही प्रवासच. अशा ठिकाणचा नमुना जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतच घ्यावा लागतो, कारण रक्त गोठले की मोजणी संपली. नळी बर्फाला टेकवायची नाही, उन्हातही ठेवायची नाही. घेतल्याची वेळ तिच्यावर लिहायची आणि दोन दिवसांच्या आत ती यंत्रापर्यंत पोचवायची.