जागल्या कर्मचाऱ्याला कायद्याचा आधार : हिंगोली जिल्ह्यातली वाटचाल

कामाच्या ठिकाणचा गैरव्यवहार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला, म्हणजे जागल्याला, संरक्षण देणारा एकच सलग कायदा हिंगोली जिल्ह्यात आजवर लागू झालेला नाही. जो आधार मिळतो, तो निरनिराळ्या काळात निरनिराळ्या कारणांनी झालेल्या कायद्यांतून वेचून घ्यावा लागतो. शिवाय तो किती मिळेल हे तक्रार किती खरी आहे यापेक्षा तक्रारदार कोणाच्या आस्थापनेवर आहे यावर ठरत आले आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि सरकारी नोकराला पहिले भक्कम कवच मिळाले. अनुच्छेद ३११ नुसार, अपवादात्मक प्रसंग वगळता, चौकशी केल्याशिवाय आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय त्याला बडतर्फ करता येत नाही. अन्याय झालाच तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचे दार उघडे झाले. पण ते दार फार लांब होते. आधी हैदराबाद आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर मुंबई. तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाने तिथे वकील लावायचा, तारखांना जायचे आणि निलंबन काळातल्या निर्वाह भत्त्यावर घरही चालवायचे, हे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. मराठवाड्याच्या मागणीनंतर २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले आणि १९८४ मध्ये ते कायम झाले. हिंगोलीहून तेही दोनशे किलोमीटरांपेक्षा दूरच. तरीही या भागातल्या नोकरदाराच्या दृष्टीने हा मोठा बदल होता.

याच काळात तोंड बंद ठेवायला लावणारे नियमही होते. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा इंग्रजांनी मागे ठेवला होता. राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांनी अधिकृत परवानगीशिवाय कार्यालयीन कागद वा माहिती बाहेर देण्यास मनाई केली. तक्रारीसाठी २५ ऑक्टोबर १९७२ पासून लोकायुक्त होते आणि अशी संस्था प्रत्यक्ष उभी करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. मात्र १९७१ च्या मूळ कायद्यात लोकायुक्तांचे काम शिफारशीपुरते होते. तक्रारदाराची नोकरी वाचवणे त्यात बसत नव्हते.

कामगारांसाठीचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाचा कायदा १९७५ पासून अमलात आला. सूडबुद्धीने कामावरून काढणे, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणे, औद्योगिक विवादाच्या चौकशीत मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून त्रास देणे, या गोष्टी त्याने अनुचित ठरवल्या. वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणच्या कामगाराला हा कायदा उपयोगाचा. तक्रारीची मुदत मात्र ९० दिवसांची. हिशेबातला घोटाळा ज्यांच्या नजरेला आधी येतो ते व्यवस्थापकीय पदांवरचे लोक सहसा त्याच्या कक्षेबाहेर राहतात, ही त्याची मोठी उणीव. खासगी शाळांतल्या शिक्षकांना १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याने शाळा न्यायाधिकरण दिले आणि बडतर्फीविरुद्ध तिथे अपील करण्यास ३० दिवस ठेवले.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरच्या काही वर्षांतच हा प्रश्न देशभर पेटला. सत्येंद्र दुबे या महामार्ग अभियंत्याने रस्तेकामातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. नाव फुटले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे केंद्राने २१ एप्रिल २००४ रोजी ठराव काढला आणि अशा तक्रारी घेण्याचे व तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले.

या ठरावाने हिंगोलीतल्या कर्मचाऱ्यांचे दोन भाग पडले. रेल्वे, टपाल आणि राष्ट्रीयीकृत बँकांतले कर्मचारी दक्षता आयोगाकडे जाऊ शकतात. औंढा नागनाथ तालुक्यात होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेचे केंद्रीय कर्मचारीही. तलाठी, ग्रामसेवक, जिल्हा परिषदेचा शिक्षक, तालुका पातळीवरचा अभियंता हे सगळे त्याबाहेर. ज्यांच्या हातून गावोगावचा सरकारी पैसा खर्च होतो, नेमके तेच उघड्यावर राहिले.

राज्याच्या कर्मचाऱ्याविरुद्ध सर्वात जास्त वापरले जाणारे हत्यार म्हणजे बदली. त्याला लगाम घालणारा बदल्यांचा कायदा २००५ चा असून तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. तीन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाळ संपण्याआधी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून वरच्या सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. तसे झाले नसेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, बोलीभाषेत ‘मॅट’च्या, औरंगाबाद खंडपीठात दाद मागता येते. तलाठ्याला ही वाट खुली आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला ‘मॅट’ नाही, त्याला विभागीय आयुक्त किंवा उच्च न्यायालय गाठावे लागते.

२५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. पुढच्याच वर्षी मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरप्रकारांबद्दल लिहिलेल्या पत्राने राज्याचे राजकारण हादरले. सिंचनाच्या अनुशेषाची झळ सोसणाऱ्या हिंगोलीशी त्या पत्राचा विषय थेट जोडलेला होता. अखेर केंद्राचा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने झालाही. राज्यांचे कर्मचारीही त्यात येतात. पण तो अमलात आणणारी अधिसूचना निघाली नाही. त्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक लोकसभेने मे २०१५ मध्ये मंजूर केले आणि राज्यसभेत पडून राहून ते २०१९ मध्ये व्यपगत झाले. माणसांनी जीव गमावल्यावर झालेला कायदा असा कागदावर राहावा, ही शरमेची गोष्ट आहे.

वकिलाचा खर्च हा यातला शेवटचा अडसर. ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू असलेल्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकिलाचा हक्क दिला. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. त्यामुळे पोषण आहारातली अफरातफर सांगणाऱ्या अंगणवाडी सेविकेला हा हक्क मिळतो. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने जिल्हा पातळीवर स्थानिक समिती दिली आहे. जीविताला धोका असलेल्या फौजदारी खटल्यातल्या साक्षीदाराला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षण मागता येते. मोफत विधी सहाय्यासाठी अर्ज तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे करता येतो आणि १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे.