चांगला कोड, तरीही नकार: लिनक्समधली २००७ सालची गोष्ट

ओपन सोर्स म्हटलं की आपल्याला वाटतं, दार उघडं आहे, कुणीही यावं आणि कोड द्यावा. द्यावा, हे खरं. तो घेतलाच पाहिजे असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.

कॉन कोलिव्हास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. पेशाने डॉक्टर, लिनक्स कर्नलचं काम हौसेनं करायचे. त्यांची तक्रार साधी होती: संगणकावर मागे जड काम चालू असलं की गाणं अडखळतं, माउस रखडतो. प्रोसेसर मोजके आणि वाट पाहणारी कामं ढीगभर. कुणाला किती वेळ द्यायचा हे शेड्युलर ठरवतो. तेव्हाचा शेड्युलर, कुठलं काम माणसाच्या समोरचं आहे याचे अंदाज बांधायचा, आणि ते अंदाज चुकायचे. कोलिव्हास म्हणाले, अंदाज सोडा, सगळ्यांना न्याय्य वाटा द्या. मार्च २००७ मध्ये त्यांनी तसा शेड्युलर मांडला. लोकांनी वापरून पाहिला, अनेकांना आवडलाही.

एप्रिलमध्ये इंगो मोल्नार यांनी (जुना शेड्युलर त्यांचाच, बरं का) आपला नवा शेड्युलर जाहीर केला, सीएफएस. ६२ तासांत लिहिलेला! न्याय्य वाट्याची कल्पना चालते हे कोलिव्हास यांनी दाखवलं, हे श्रेयही त्यांनी दिलं. पण कर्नलमध्ये गेला तो सीएफएस, ऑक्टोबरच्या २.६.२३ आवृत्तीत. कोलिव्हास जुलैमध्येच काम सोडून गेले होते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी दिलेलं कारण कोडपेक्षा माणसाबद्दलचं होतं. शेड्युलर आज घेतला की पुढे कित्येक वर्षं कुणीतरी तो सांभाळायचा. एखाद्याचं मशीन त्यामुळे मंद झालं, तर त्या माणसाशी वाद न घालता दुरुस्ती करणारा हवा. मोल्नार यांच्याबद्दल तो भरवसा होता, कोलिव्हास यांच्याबद्दल नव्हता.

मला यातलं अर्धं पटतं. कोड म्हणजे लग्नातला आहेर नव्हे, देऊन मोकळं व्हायला. पण भरवसा कमवायला वर्षं लागतात. मोल्नार रेड हॅटमध्ये पगारावर हेच काम करत होते. दवाखान्यातून घरी आल्यावर कोड लिहिणाऱ्याने तो कसा कमवायचा?

२००९ मध्ये कोलिव्हास परत आले, बीएफएस नावाचा नवा शेड्युलर घेऊन. ज्याला हवा त्याने आपल्या कर्नलला जोडून घ्यावा, असं म्हणाले. मुख्य कर्नलमध्ये घ्या, असं या वेळी त्यांनी विचारलंच नाही.