हजेरीपट

परवा नात मुंबईहून कर्जतला आली ती तोंड पाडूनच. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लेक्चरची हजेरी भरत नाही, परीक्षेला बसू देतील की नाही ही धास्ती. "आजोबा, सर पडद्यावरचं वाचून दाखवतात. तेवढ्यात मी वॉर्डात जाते," म्हणाली. जन्मभर हजेरी घेतलेला मी मास्तर. आधी रागावलोच.

मग जुनं आठवत बसलो. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. आपले डॉ. भाऊ दाजी लाड तिथले १८५१ चे, पहिल्या पदवीधरांपैकी. तेव्हा पुस्तकं महाग. गुरुजी बोलतील ते उतरवून घ्यायचं. व्याख्यान चुकलं की विद्या चुकली. अमेरिकेत तर विद्यार्थी प्रत्येक प्राध्यापकाच्या व्याख्यानमालेचं तिकीट विकत घेत. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षी तीच व्याख्यानं पुन्हा ऐकावी लागत! १९१० साली अब्राहम फ्लेक्स्नर यांच्या अहवालाने असल्या ऐकीव शिक्षणावर कोरडे ओढले, आणि प्रयोगशाळा व रुग्णाची खाट यांचं महत्त्व वाढलं. ग्रँट मेडिकलला मात्र जे. जे. रुग्णालय पहिल्यापासून शेजारी होतं.

आज आपल्याकडे नियम आहे तो थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्क्यांचा.

टक्क्यांवरून एक जुनी बोच वर आली. खालापूर तालुक्यात शिकवत असताना वर्गात एक कातकरी मुलगा होता. गणितात हुशार. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायचा. हजेरी भरली नाही म्हणून मी त्याचा परीक्षेचा फॉर्म भरला नाही. नियमाने माझं बरोबरच होतं. पोरगा पुन्हा शाळेत आला नाही. तो का येत नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

नातीला म्हटलं, "वॉर्डाची हजेरी सक्तीचीच हवी. उद्या तुझ्या हाताखाली जिवंत माणूस असणार, तो पुस्तकात सापडत नाही. लेक्चर ओस पडत असेल तर मात्र पोरांच्या आधी मास्तरांनी स्वतःला विचारावं. पण नियम बदलेपर्यंत जाऊन बस बाई. आणि का येत नव्हतीस, ते सरांना नीट सांग."

सोमवारी पहाटेच्या लोकलने गेली. मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हा विचार अजून जात नाही. असो.