दगाबाज सोबत्याची पहिली भेट

मंडळी, आज आपण एकच प्रश्न घेऊ या. रोल-प्लेइंग गेममध्ये जो सोबती पुढे दगा देणार आहे, त्याची पहिली ओळख गेम कशी करून देतो? आमच्या मते या ओळखीचा इतिहास म्हणजे खेळणाऱ्याच्या विश्वासाचा इतिहास आहे.

सुरुवात १९८१ सालच्या ‘विझर्ड्री’पासून करू. भुयारात उतरायचं, सोबत जास्तीत जास्त सहा जणांची पार्टी, आणि ते सहाही जण आपणच तयार केलेले. त्यांना स्वतःची मर्जी नाही, म्हणून त्यांच्यावर संशय घ्यायचं कारणही नाही. सोबत्याला स्वतःची गोष्ट मिळाली, तेव्हा कुठे संशयाला जागा झाली.

१९९१ च्या ‘फायनल फँटसी ४’मध्ये काइन हा नायक सेसिलचा जुना मित्र. सुरुवातीलाच तो बरोबर निघतो, मग ताटातूट होते आणि परत भेटतो तो थेट शत्रूच्या बाजूनं. धक्का बसतो खरा. पण ती मैत्री आपण जोडलेली नव्हती, कथेनं आपल्याला सांगितलेली होती.

१९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’नं उलटं केलं. नायकाचा पालक नुकताच मारला गेलाय, आणि वाटेत झार आणि मोंटारॉन ही विचित्र जोडी भेटते. औषध देऊ करतात, सोबत चला म्हणतात. बोलणं ऐकूनच शंका येते, आणि पार्टीत घेतल्यावर त्यांच्या माहितीच्या पानावर ‘दुष्ट’ असं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. म्हणजे लपवाछपवी नाही. ठेवायचं तर ठेवा.

आता २००० सालचा दुसरा भाग बघा. आयरेनिकस या मांत्रिकाच्या कैदेतून सुटताना योशिमो भेटतो. हसतमुख, गप्पिष्ट. त्याच्या पानावर ‘तटस्थ’ लिहिलंय. बाहेर पडताच आपली जुनी मैत्रीण इमोएन पकडून नेली जाते, आणि कुलपं उघडायला, सापळे काढायला माणूस उरतो तो हाच. आपण त्याला पारखत नाही, कारण आपली नड आहे. त्याला चांगली शस्त्रं देतो, त्याचं कौशल्य वाढवतो. पुढे स्पेलहोल्डला कळतं की तो आयरेनिकसच्या मंत्रानं बांधलेला होता. केसानं गळा कापला म्हणतात, तो हा असा! पण मनाविरुद्ध बांधल्या गेलेल्या माणसाला गद्दार म्हणायचं का, हा प्रश्न तिथं आपल्यावरच येतो.

२०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मधला अ‍ॅस्टारियन हाही कुलपं उघडणाराच. पण तो पहिल्याच भेटीत आपल्या गळ्याला सुरी लावतो! योशिमोची गोष्ट माहीत असलेला खेळणारा आता हसणाऱ्याला जास्त घाबरतो, हे करणाऱ्यांना ठाऊक असावं. इथं संशय आधी येतो आणि विश्वास हळूहळू कमवावा लागतो.

आमचं म्हणणं इतकंच, की चांगला गेम आपल्याला खोटं सांगून फसवत नाही. तो आपली गरज ओळखतो आणि नेमक्या त्या जागी माणूस उभा करतो. योशिमोला पार्टीत घेतलं कुणी? आपणच ना? म्हणून तर तो दगा इतकी वर्षं लोकांच्या लक्षात राहिला.