तगाई

बी-बियाणे, बैल वा विहीर यांकरिता शेतकऱ्यास सरकारातून मिळणारे आगाऊ कर्ज म्हणजे तगाई अथवा तकावी. उच्चारसाम्यामुळे तिचा संबंध ‘तगणे’ या क्रियापदाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु मूळ अरबी ‘तक्वियत’, अर्थात बळ देणे, हे असून फारसीच्या दफ्तरी वळणाने ते पेशवाईच्या कागदपत्रांत रुळले. आपला ‘कुवत’ हा शब्दही त्याच धातूचा होय.

या तगाईच्या नियमांमागे एका शेतकरी उठावाची कथा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास बसविलेल्या शेतसाऱ्याची तीस वर्षांची मुदत सरून फेरआकारणीत तो वाढला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला, तेव्हा १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे, भर बाजारच्या दिवशी, रयतेने सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. हे लोण इंदापूर, शिरूरकडेही पसरले. ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ च्या कायद्याने खतामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला, आणि १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाई नियमबद्ध केली.

मात्र तगाईची थकबाकी जमीन महसुलाच्या बाकीप्रमाणेच वसूल होई. त्यामुळे बळ देणे आणि जप्ती आणणे हे दोन्ही अधिकार एकाच मामलेदार कचेरीत एकवटले, आणि सरकारी तारणाऱ्यापेक्षा मुदत वाढवून देणारा सावकारच पुष्कळ कुळांना जवळचा वाटत राहिला.