लॉर्डस्टाउनच्या जुन्या गाड्या

ईशान्य ओहायोत जुनी गाडी बघायला गेलं की बॉनेट शेवटी उघडायचं. आधी गुडघ्यावर बसून खालचा पत्रा बघायचा. इथे हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर उडून दारांच्या खालच्या कडांत, चाकांवरच्या कमानींत आणि पायाखालच्या पत्र्यात जाऊन बसतं आणि काही हिवाळ्यांत पत्रा आतून खाऊन टाकतं. बाहेरून रंग ठणठणीत दिसतो. म्हणून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून फिरवायचं. जिथे ते धरत नाही, तिथला पत्रा गेला आहे आणि भोकात बाँडो पुट्टी भरून वर रंग मारला आहे असं समजायचं. मग ब्रेकच्या पेडलचं रबर बघायचं. ओडोमीटर ४० हजार मैल दाखवतो आणि रबर मात्र झिजून गुळगुळीत झालंय, तर रबराचं खरं मानायचं. सत्तरच्या दशकातल्या बहुतेक अमेरिकी गाड्यांचा ओडोमीटर पाच आकडीच असायचा. लाख मैल झाले की तो पुन्हा शून्यावर यायचा.

हे सगळं मला ॲक्रनमधल्या एका मराठी काकांनी शिकवलं. १९८३ साली मी कुर्ल्याहून ॲक्रन विद्यापीठात पॉलिमर शिकायला आले, तेव्हा गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच आणि जनरल टायर या चारही कंपन्यांची मुख्यालयं त्या गावात होती. रबराच्या धंद्याने आणि विद्यापीठाने बरीच मराठी माणसं तिथे आणली होती. काका त्यातले आधीचे. आठ डॉलर खिशात घेऊन भारत सोडलेल्या पिढीचे. नव्याने आलेल्या मुलांबरोबर शनिवारी गाडी बघायला जाणं हे ते सणवाराला हजर राहावं इतक्या निष्ठेने करत. त्यांचं एकच सांगणं असे: "विकणाऱ्याला जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नाही. किंमत त्याचीच आहे." पुढे या धंद्याचा इतिहास वाचत गेले तेव्हा कळलं की तो सगळा या एका वाक्याभोवती फिरतो.

लहान गाडी ही अमेरिकेची हौस कधीच नव्हती. पन्नासच्या दशकात डेट्रॉइटच्या तिन्ही बड्या कंपन्या लांब, जड गाड्या विकून गब्बर होत होत्या. लहान गाडीचा आग्रह धरला तो अमेरिकन मोटर्सने. नॅश आणि हडसन एकत्र येऊन १९५४ साली ही कंपनी झाली आणि तिचे प्रमुख जॉर्ज रॉम्नी मोठ्या गाड्यांना पेट्रोल पिणारे डायनासोर म्हणत गावोगाव भाषणं देत फिरले. त्यांची रॅम्बलर खपू लागली, बाहेरून फोक्सवॅगनही येऊ लागली, तेव्हा १९५९ च्या शरद ऋतूत तिघांनी आपापल्या कॉम्पॅक्ट गाड्या बाजारात आणल्या: जनरल मोटर्सच्या शेव्हर्लेची कॉर्व्हेअर, फोर्डची फाल्कन, क्रायस्लरची व्हॅलियंट. कॉम्पॅक्ट म्हणायच्या, पण फाल्कन आपल्या फियाटपेक्षा दीड हात लांब होती.

या तिघींपैकी जुन्या बाजारात खरी टिकली ती व्हॅलियंट आणि तिची बहीण डॉज डार्ट. त्यांचं सहा सिलिंडरचं इंजिन ३० अंश एका बाजूला कललेलं असे, म्हणून त्याला स्लँट सिक्स म्हणत. कललेलं असल्यामुळे बॉनेट ठेंगणं ठेवता येई आणि हात घालून काम करायला एका बाजूला भरपूर जागा राहत असे. ते इंजिन मरत नसे. मी घेतलेली पहिली गाडी १९७४ ची प्लिमथ व्हॅलियंट होती, साडेसहाशे डॉलरची. पायाखालचा पत्रा मिठाने गेलेला होता, तो ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं ठिगळ मारून आणि रिव्हेट ठोकून आम्ही बंद केला. इंजिनाला हात लावावा लागला नाही. माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होते. वालचंद हिराचंदांच्या त्या कारखान्याने क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या होत्या. प्लिमथ घेतली असं पत्राने कळवलं, तर त्यांचं उत्तर इंजिनाचे घन इंच विचारणारं आलं. २२५.

घरी सगळ्यांना एका गोष्टीचं मात्र नवल वाटत राहिलं: जुनी गाडी इतकी स्वस्त कशी? त्या काळात आपल्याकडे स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि हातात पडलेली स्कूटर बाहेर ऑन घेऊन विकली जाई. वापरलेल्या वस्तूला नव्यापेक्षा जास्त भाव मिळे, कारण नवी मिळतच नसे. ओहायोत गाडी डीलरच्या आवारातून बाहेर पडली की तिची किंमत घसरायची, आणि लहान अमेरिकी गाडीची तर सगळ्यांत जोरात घसरायची.

का घसरायची, याचं उत्तर ॲक्रनहून पूर्वेला तासाभराच्या अंतरावर होतं. ओहायो टर्नपाइकवरून जाताना लॉर्डस्टाउनचा जनरल मोटर्सचा कारखाना रस्त्यालगतच दिसायचा. १९६६ साली तो सुरू झाला. १९७० साली तिथे व्हेगा या नव्या लहान गाडीचं उत्पादन लागलं. तासाला १०० गाड्या, म्हणजे दर ३६ सेकंदांना एक, असा त्या लाइनचा वेग ठरवला गेला. इतर ठिकाणी तो साधारण ६० असे. लाइनवरची माणसं तरुण होती, कित्येक जण व्हिएतनामहून परतलेले. १९७२ च्या मार्चमध्ये त्यांनी तीन आठवडे संप केला. तो पगारासाठी नव्हता. कामाचा वेग आणि माणसांची कपात हे त्याचं कारण होतं, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी लॉर्डस्टाउनचं नाव कंटाळलेल्या, चिडलेल्या नव्या कामगाराचं नाव म्हणून वापरलं.

व्हेगाला मोटर ट्रेंड मासिकाने १९७१ ची सर्वोत्तम गाडी ठरवलं होतं. तिचा इंजिन ब्लॉक ॲल्युमिनियमचा होता आणि सिलिंडरमध्ये लोखंडी लायनर नव्हते. इंजिन तापलं की ब्लॉक वाकडा होई, मग ते तेल पिऊ लागे. पुढच्या मडगार्डांना तर दोन-तीन हिवाळ्यांतच गंज धरत असे. त्याच सुमारास आलेल्या फोर्ड पिंटोची पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला अशा जागी होती की मागून धडक बसली तर आग लागण्याचा धोका असे. १९७८ साली सुमारे १५ लाख गाड्या त्यासाठी परत बोलवाव्या लागल्या. मधल्या काळात, १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये, अरब देशांनी तेल रोखलं आणि लहान गाडी एकाएकी सगळ्यांना हवीशी झाली. हवी होती तेव्हा डेट्रॉइटने जी हातात दिली ती ही अशी. लोक जपानी गाड्यांकडे वळले ते उगाच नाही.

या अविश्वासाचा हिशेब एका अर्थतज्ज्ञाने आधीच मांडून ठेवला होता. जॉर्ज ॲकरलॉफ यांचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा निबंध १९७० साली छापून आला, त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. त्यांचं म्हणणं साधं आहे. चांगली जुनी गाडी कोणती आणि खोटी कोणती हे मालकाला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांना सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे खोट्या गाड्यांचं प्रमाण वाढत राहतं. त्याच निबंधात भारतातल्या सावकारीचाही दाखला आहे: गावच्या सावकाराला कर्जदाराची कुंडली माहीत असते, बाहेरच्याला नसते, म्हणून बाहेरचा तिथे धंदा करू शकत नाही. २००१ साली ॲकरलॉफ यांना नोबेल मिळालं तेव्हा काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बातमी वाचून ते म्हणाले की या माणसाने आमच्या शनिवारांवर प्रबंध लिहिला.

कायद्यालाही हे दिसत होतं. १९७२ च्या संघीय कायद्याने ओडोमीटर मागे फिरवणं बेकायदा ठरवलं. १९८१ पासून प्रत्येक गाडीला १७ अक्षरांचा एकाच पद्धतीचा ओळख क्रमांक आला, डाव्या बाजूला डॅशबोर्डवर, बाहेरून काचेतून वाचता येईल असा. १९८५ पासून डीलरला प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर एक कागद लावावा लागतो. वॉरंटी आहे की गाडी 'ॲज इज' विकली जाते आहे, हे त्यावरच्या चौकटीत खूण करून सांगायचं. मी त्या कागदाच्या फार बाजूची आहे. तोवर डीलरचा माणूस काळजी करू नका, मी आहे ना असं तोंडी म्हणायचा, आणि परदेशातून नुकत्याच आलेल्या मुलाला ते वचन वाटायचं. काचेवर लेखी आलं की तोंडच्या गोडव्याला अर्थ उरत नाही.

किमतीची माहिती मात्र उशिरा खाली आली. केली ब्लू बुक लॉस एंजेलिसमध्ये १९२६ पासून निघत होतं, पण ते डीलर आणि बँकांसाठी. सर्वसामान्य ग्राहकासाठीची आवृत्ती १९९३ मध्ये आली. तोवर एखादी गाडी कितीला जाते हे कळायला आम्ही रविवारच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून वहीत चिकटवत असू. गाडी, साल, मैल, मागितलेली किंमत. ती वही एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात असे. एप्रिलमध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सचा गाड्यांचा अंक आला की त्यातले दुरुस्त्यांचे तक्ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात झेरॉक्स व्हायचे.

त्या वहीमुळे आमच्यातल्या अनेकांना एक फायदा झाला, तो मी आजही आनंदाने सांगते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून १९८४ मध्ये एक कारखाना सुरू केला होता. तिथून शेव्हर्ले नोव्हा बाहेर पडे आणि तिची जागा पुढे जिओ प्रिझमने घेतली. दोन्ही गाड्या मुळात टोयोटाची कोरोला होत्या. इंजिन तेच, सांगाडा तोच. पण नाव अमेरिकी असल्यामुळे जुन्या बाजारात त्या कोरोलापेक्षा स्वस्त मिळत. व्हेगाने कमावलेली बदनामी नोव्हाच्या किमतीतून वजा होत होती आणि ज्याला बॉनेटखाली काय आहे ते माहीत होतं, त्याला ती सूट फुकट मिळत होती. अविश्वासाला किंमत असते हे मी पुस्तकात वाचण्याआधी एका प्रिझमच्या पावतीवर पाहिलं.

ओहायोत गाडीचा मालक बदलतो तो नोटरीसमोर. टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदाच्या, मागे विकणाऱ्याने ओडोमीटरचा आकडा लिहायचा, किंमत लिहायची आणि नोटरीच्या देखत सही करायची. आधी सही केलेलं टायटल कोणी पुढे केलं तर तिथून निघायचं. नंबर प्लेट विकणारा काढून घेतो. मग घेणाऱ्याने टायटल घेऊन काउंटीच्या कचेरीत जायचं. या अर्ध्या तासात मी कितीतरी कुटुंबांचं अमेरिकेतलं पहिलं मोठं खरेदीखत होताना पाहिलं आहे, आणि तो कागद नीट वाचून सही करा असं दर वेळी सांगितलं आहे.

लॉर्डस्टाउनमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅव्हेलिअर आली आणि वीस वर्षांहून अधिक काळ राहिली. दणकट म्हणता येणार नाही, पण सुटे भाग कुठेही मिळत आणि कोणताही मेकॅनिक ती दुरुस्त करी. विद्यार्थ्यांच्या पार्किंगमध्ये ती सगळीकडे असे. तिच्यानंतर २००४ मध्ये कोबाल्ट आली, आणि या गाडीबद्दल मला गप्प बसता येत नाही. तिच्या इग्निशन स्विचमधली स्प्रिंग कमजोर होती. चावीला जड जुडगा लटकत असेल किंवा गुडघा लागला तर धावत्या गाडीत चावी फिरून इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही निकामी होई. २००६ साली तो भाग गुपचूप बदलला गेला, पण त्याचा पार्ट नंबर बदलला नाही, त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे वर्षानुवर्षं कळलं नाही. रिकॉल निघालं २०१४ मध्ये, अशा सुमारे २६ लाख गाड्यांसाठी. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. २०१४ पर्यंत कोबाल्ट ही स्वस्त जुनी गाडी झाली होती. ती आईवडील मुलांना पहिली गाडी म्हणून घेऊन देत, विद्यार्थी घेत. विकणाऱ्यालाही माहीत नाही, घेणाऱ्यालाही नाही, आणि ज्यांना माहीत होतं ते गप्प, अशी ही परिस्थिती ॲकरलॉफ यांच्या निबंधातही नाही.

कोबाल्टनंतरची क्रूझ चांगली निघाली, पण तोवर अमेरिकेने लहान गाडीचा नाद सोडला होता. फोर्डने २०१८ मध्ये अमेरिकेत फोकस बंद केली. लॉर्डस्टाउनची शेवटची क्रूझ २०१९ च्या मार्चमध्ये बाहेर पडली आणि कारखाना थांबला. त्यामुळे आज ॲक्रनमध्ये नव्याने आलेला मुलगा स्वस्त अमेरिकी कॉम्पॅक्ट शोधतो तेव्हा त्याला जास्तीत जास्त नवी मिळते ती त्या सालची. चुंबक अजून माझ्याकडे आहे आणि ते मी देते. पण आता मी त्याआधी एक गोष्ट करायला लावते: काचेतून दिसणारी ती १७ अक्षरं महामार्ग सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाकायची. २०१४ च्या ऑगस्टपासून ही सोय आहे. रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी दुरुस्त न करता विकायला डीलरला संघीय कायद्याने आजही बंदी नाही; भाड्याच्या गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांवर ती २०१६ पासून आहे, जुन्या गाड्यांच्या डीलरवर नाही, आणि मला हे मुळीच मान्य नाही. बाकी निघालं तर त्या कंपनीच्या डीलरकडे वेळ घ्यायची. दुरुस्ती फुकट होते, गाडी कितव्या हाताची आहे हे तिथे विचारत नाहीत.