माती मेणात का परततात? अमेरिकेतल्या ट्रॅपर्सची न गोठणारी माती

अंगणात सिमेंट मिक्सर फिरतोय. पण आत सिमेंट नाही, चाळलेली बारीक माती आहे. एक माणूस ती तापवतो आणि त्यात पांढऱ्या मेणाचा चुरा टाकतो. थोड्या वेळानं माती बादलीत भरतो, वर पाणी ओततो आणि पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळून जातं. अमेरिकेतले असे व्हिडिओ फिरत फिरत तुमच्या फीडमध्ये आले असतील, तर 'हे चाललंय काय?' असा प्रश्न नक्की पडला असेल.

हा माणूस बागकाम करत नाहीये. तो कोल्हे आणि कायोटी पकडण्याच्या हंगामाची तयारी करतोय. (कायोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतला, लांडगा आणि कोल्हा यांच्या मधल्या आकाराचा प्राणी. वजन साधारण 10 ते 20 किलो.) अमेरिका आणि कॅनडात परवाना काढून, ठरलेल्या हंगामात फरसाठी सापळे लावणारे लोक आजही आहेत. त्यांना ट्रॅपर म्हणतात.

सगळी अडचण हंगामाची

प्राण्याची फर सगळ्यात दाट आणि चांगली कधी असते? ऐन थंडीत. म्हणून सापळे लावायचा हंगामही थंडीचाच. आणि नेमकी तेव्हाच तिथली जमीन दगडासारखी गोठलेली असते.

इथे वापरला जातो तो पाय पकडणारा पोलादी सापळा. त्याला दोन जबडे असतात, बाजूला स्प्रिंग असते आणि मधोमध एक चकती. चकतीवर पाय पडला की खटका सुटतो आणि जबडे मिटतात. न्यूयॉर्क राज्यातल्या सेवेल न्यूहाऊस या कारागिरानं 19 व्या शतकात असे सापळे बनवायला सुरुवात केली. नंतर ओनायडा नावाच्या समूहानं त्यांचं मोठं उत्पादन केलं. मूळ रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

हा सापळा जमिनीवर नुसता ठेवत नाहीत. उथळ खड्डा खणून त्यात तो घट्ट बसवतात, म्हणजे खाली, बाजूला आणि वर माती. या मातीलाच 'बेडिंग' म्हणतात, म्हणजे सापळ्याचं अंथरूण. सापळा जरा जरी डुगडुगला तर कायोटीला पायाखाली काहीतरी हललेलं कळतं. मग तो एकतर निघून जातो, नाहीतर सापळा उकरून बाहेर काढतो. एकदा असा सावध झालेला प्राणी पुन्हा सहसा फसत नाही.

आता या मातीत ओल असेल तर? मातीच्या कणांमध्ये अडकलेल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तो बर्फ कणांना एकमेकांशी सांधतो. रात्री तापमान शून्याखाली गेलं की सापळा जणू काँक्रीटमध्ये चिणला जातो. चकती खाली जात नाही, किंवा गेली तरी जबडे अर्धवट उठतात आणि फक्त बोटं पकडली जातात. त्यात प्राण्याला इजा जास्त होते आणि बऱ्याचदा तो सुटूनही जातो. सलग कडाक्याच्या थंडीपेक्षा दिवसा बर्फ वितळणं आणि रात्री पुन्हा गोठणं जास्त त्रासदायक, कारण दर दुपारी नवं पाणी मातीत मुरतं.

मीठ, पीट, मेण

सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय मिठाचा. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली नेतं, पण जास्तीत जास्त उणे 21 अंशांपर्यंतच. कॅल्शियम क्लोराइड उणे 50 च्या आसपास जातं, मात्र ते हवेतली ओल ओढून घेतं आणि माती चिकट होते. दोन्हींमुळे पोलाद गंजतं. शिवाय मीठ चाटायला हरणं येतात ते वेगळंच.

काही जण गोठणरोधक द्रव शिंपडतात. इथे फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रॉपिलीन ग्लायकॉल तुलनेनं कमी विषारी आहे. गाडीच्या कूलंटमध्ये असणारं एथिलीन ग्लायकॉल मात्र चवीला गोड आणि मूत्रपिंडं निकामी करणारं विष आहे. थोडंसं चाटलं तरी कुत्रं किंवा मांजर मरू शकतं. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून तर धोका.

पीट मॉस म्हणजे दलदलीत साठलेलं जुनं शेवाळ. आपल्या नर्सरीत मिळणाऱ्या कोकोपीटसारखंच हलकं आणि भुसभुशीत. कोरडं असेपर्यंत ते उत्तम, पण एकदा भिजलं की तेही गोठतं. वाऱ्यानं उडतं आणि आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळं दिसतं. कुतूहल वाटलेला कायोटी नेमकं तिथेच उकरतो.

आणि मग मेणाची माती. युक्ती साधी आहे: पाणी गोठू नये म्हणून धडपडण्यापेक्षा पाणी आत येऊच द्यायचं नाही. यासाठी वाळूमिश्रित माती घेतात, कारण चिकणमातीची ढेकळं होतात. उन्हाळ्यात ती पसरून पूर्ण वाळवतात, बारीक चाळणीनं चाळतात आणि तापवून त्यात पॅराफिन मेण मिसळतात. मेण साधारण 50 ते 60 अंशांना वितळतं आणि प्रत्येक कणावर पातळ थर बसतो. मेण कमी पडलं तर पाणी शिरतं, जास्त झालं तर गोळे होतात आणि वासही राहतो. प्रमाण प्रत्येकाचं आपापलं, गोडा मसाल्यासारखं. आग टाळायची म्हणून काही जण मिक्सरऐवजी काळ्या प्लॅस्टिकवर माती आणि मेणाचा चुरा पसरून कडक उन्हात ठेवतात. मला ही पद्धत जास्त शहाणपणाची वाटते, कारण पॅराफिन पेट घेतं आणि उघड्या ज्वाळेजवळ ते वितळवणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

मेणाची मातीही सर्वशक्तिमान नाही. सापळा खोलगट जागी लावला तर खालून पाणी साचतं. वर पडलेला बर्फ वितळून पुन्हा गोठला तर पापुद्रा तयार होतो आणि खालची कोरडी माती काहीच कामाची राहत नाही.

पण हे सगळं बरोबर आहे का?

यावर अमेरिकेतच एकमत नाही. युरोपीय संघानं 1991 च्या नियमानुसार 1995 पासून पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर बंदी घातली. कॅलिफोर्नियात 1998 मध्ये मतदारांनी असे पोलादी सापळे नाकारले आणि 2019 मध्ये फरसाठी सापळे लावणंच कायद्यानं बंद झालं. इतर अनेक राज्यांत ते चालू आहे, ठरावीक वेळेत सापळा तपासण्यासारख्या अटींसह. सापळ्यात अडकलेला पाय कडाक्याच्या थंडीत तासन्तास राहिला तर हिमदंश होतो, आणि माती कितीही चांगली असली तरी तो टळत नाही. दुसरीकडे, लांडग्यांना रेडिओ कॉलर लावणारे संशोधकही सुधारित स्वरूपात हेच सापळे वापरत आले आहेत.

भारतात प्रश्न सरळ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच सापळा लावणं आणि फास टाकणं येतं. म्हणजे प्राणी मेला नाही तरी तो गुन्हाच. मध्य भारतात वाघांच्या चोरट्या शिकारीसाठी पायवाटेवर, पाणवठ्याजवळ पुरलेले लोखंडी सापळे वापरले गेले आहेत. त्यामुळेच आपल्याकडे वनरक्षक मेटल डिटेक्टर घेऊन गस्त घालताना दिसतात. वर माती आणि पालापाचोळा असतो, डोळ्यांना काही दिसत नाही.

जंगलाकडेच्या वाटेवर असं काही दिसलं तर हात लावू नका, काठीनंही डिवचू नका. जागा लक्षात ठेवा आणि महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.